कानाआडचं ऊन

आमच्या घरात दोन शेगड्या होत्या. एकीवर स्वयंपाक होई, दुसरीवर रंग शिजत. पहिली आईच्या ताब्यात होती, दुसरी मंदाआत्याच्या. आणि दोन्ही एकाच वेळी पेटल्या की कळंबच्या मोंढ्यामागच्या आमच्या त्या छोट्या घरात जो वास दाटे, तो मला आजवर दुसरीकडे कुठेही भेटलेला नाही. आचेवर फुगणाऱ्या ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास, येसराच्या आमटीचा तिखट दरवळ, आणि या दोहोंच्या खाली कोमट मेणाचा एक जाड, किंचित गोडसर थर. पाहुणे आले की उंबऱ्यातच थबकून विचारत, "काय जळायलंय का घरात?" आई पाण्याचा तांब्या पुढे करत शांतपणे सांगे, "जळत काही नाही. वन्संचा हिरवा चाललाय मागं."

मंदाआत्या ही अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती सासरहून परत आली, आणि आली ती कायमची. का, हे घरात कोणी बोलत नसे. मीही कधी विचारले नाही, कारण ती घरात असणे ही माझ्या दृष्टीने जगाची मूळ स्थिती होती. जिच्याबद्दल प्रश्न पडावा अशी ती घटना नव्हती. अण्णा शाळेत विज्ञान शिकवत. धाराशिवला मेणबत्त्या आणि मेणखडू करायला शिकवतात असे त्यांना कुठूनतरी कळले आणि त्यांनी आत्याला एसटीत बसवून दिले. "जाऊन तर ये, अक्का. न्हाय जमलं तर न्हाय," एवढेच ते म्हणाले. ती परतली तेव्हा तिच्या पिशवीत ॲल्युमिनियमचा एक साचा होता, मेणाच्या पांढऱ्या लाद्या होत्या, रंगांच्या पुड्या होत्या, आणि चेहऱ्यावर, असे अण्णा सांगत, लग्नाआधीचे हसू होते.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचे काम चाले. पाण्याच्या मोठ्या पातेल्यात मेणाचे लहान पातेले ठेवायचे, मेण वितळले की त्यात रंगाची पूड आणि शंखजिऱ्याची मऊ पांढरी भुकटी घालायची, लाकडी काठीने ढवळायचे आणि साच्यात ओतायचे. शंखजिरे हे खडूचे अंग, असे ती म्हणे. त्याशिवाय खडूला भरीवपणा येत नाही. साचा गार पाण्यात ठेवून थंड होई, आणि ते पाणी वाया न घालवता संध्याकाळी कढीपत्त्याच्या झाडाला जाई. त्या झाडाची पाने आत्या हुंगून पाहत असे, रंगाचा वास तर लागला नाही ना म्हणून. पुढल्या बाजूला आईच्या भाकरीची थापथाप, मागल्या बाजूला साचा उलटा करून आपटल्याचा ठक असा आवाज, आणि पलीकडे मोंढ्यात काट्यावर पोती चढवणाऱ्या हमालांची हाळी. या तीन आवाजांच्या मध्ये बसून मी अभ्यास करी. आजही पूर्ण शांततेत मला आकडेमोड धड जमत नाही.

मला भूल पडे ती मेण थिजण्याच्या क्षणाची. वितळलेले मेण गडद आणि नितळ दिसे. त्यातून पातेल्याचा तळ दिसत असे. मग कडांनी ते फिकट होऊ लागे. ती फिकट कड हळूहळू आत सरके, मधोमध उरलेला गडद डोळा लहान लहान होत जाई आणि शेवटी मिटे. रंग तोच, पूड तीच, पातेले तेच. पण डोळा मिटला की समोर अगदी वेगळा रंग असे. थिजताना मेणात असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि आरपार जाणाऱ्या प्रकाशाला अडवून चहूकडे विखुरतात, हे मी पुढे महाविद्यालयात शिकले. कारण कळल्यावर आश्चर्य ओसरेल असे मला वाटले होते. ते ओसरले नाही. उलट कारण कळल्यापासून मी तो क्षण अधिकच श्वास रोखून पाहते.

दुकानदारांना हवे असत ते नेहमीचेच रंग: लाल, निळा, पिवळा, हिरवा आणि त्यांची जवळची भावंडे. पण साच्यात, काठीवर, पातेल्याच्या कडांना दर वेळी काहीतरी चिकटून उरे. ते सारे खरवडून आत्या एका डब्यात ठेवी आणि डबा भरला की एकत्र वितळवी. त्यातून जो रंग निघे तो पुन्हा कधीही न निघणारा असे. पहिल्यांदा असे उरलेसुरले वितळले तेव्हा मी विचारले, "आत्या, हा कोणता रंग?" ती ढवळता ढवळता म्हणाली, "कुणाला ठाऊक. बारसं कुठं झालंय अजून त्याचं?" आणि लगेच तिने काठी बाजूला ठेवली, पदर सावरला, तोंडाशी हाताचा आडोसा धरून ती पातेल्यावर वाकली आणि मेणाला म्हणाली, "कुर्रर्र... दुसऱ्यांदा उकळलेला चहा!" बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, आणि ती पाळण्यावर वाकली की मागून बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, हे आमच्याकडच्या कोणत्याही पोराला ठाऊक असते. आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिने आत्याच्या पाठीत लटका बुक्का हाणला. मीही हाणला. आत्याच्या लुगड्यावर आईच्या मुठीचा पांढरा ठसा दिवसभर राहिला, आणि तो तिने झटकला नाही.

तेव्हापासून तो आमच्या घरचा रिवाजच झाला. डबा भरला की मेणाचे बारसे. एकच नियम होता: नाव मेण थिजण्याआधी ठेवायचे. "थिजल्या मेणाला ऐकू येत न्हाय," आत्या सांगे. कधी तिला नाव सुचायला वेळ लागला की मी मागून तिला डिवचायची, "आत्या, लवकर, मेण थिजायलंय!" कधी तीच मला घाई करायची. माझ्या हाती काठी देऊन म्हणायची, "आज तू ठिव. बोल की रेवे, मेण थिजायलंय!" आणि मी तोंड उघडून नुसती उभी राहायची, तोवर डोळा मिटून जाई.

तिला मात्र नावे अशी सुचत की जणू ती आधीपासूनच हवेत टांगलेली होती आणि तिने फक्त हात वर केला. एका भगव्या खडूचे नाव होते करडईचा राग. ज्याने काटेरी करडईत हात घातला आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. एका पोपटी खडूचे हुरड्याची वाफ. एका विटक्या गुलाबीचे येडशीचं फाटक, कारण रेल्वेच्या त्या फाटकाचा लाल रंग उन्हाने तसाच उडून गेला होता. पिवळसर करडा होता तो पाहुणे गेल्यावरचं घर. आणि एका राखी निळ्याला तिने नाव दिले ढगानं दिलेला शब्द. अण्णा तेव्हा दारात बूट काढत होते. ते म्हणाले, "मग हा खडू कागदावर टिकायचा न्हाय, अक्का. इथं शब्द देईल आन् उमटायला बार्शीला जाईल." आत्या इतकी हसली की तिला पातेले खाली ठेवावे लागले.

खरे नवल याच्या पुढचे आहे. नाव मिळेपर्यंत तो रंग मला जगात कुठेही दिसत नसे, आणि नाव मिळाल्यावर जिथे तिथे दिसे. तुरीच्या शेंगेवर तपकिरी ओरखडे असतात हे मला ठाऊक होते का? असणार, तुरीच्या शेंगा मी जन्मापासून सोलत होते. पण आत्याने एका खडूला शेंगेवरचे ओरखडे म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून ते ओरखडे मला चिमणीच्या पंखावर दिसले, चहाच्या कपाच्या तळाशी दिसले, मोंढ्यातल्या म्हाताऱ्या बैलाच्या पापणीवर दिसले. जग तेच होते आणि त्यात रोज एक रंग वाढत होता. माझ्या तेव्हाच्या वयाच्या मुलीला हे ओझे वाटावे इतके ते मोठे होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटे, अजून किती रंग बिननावाचे समोर उभे असतील आणि मी त्यांच्याकडे पाहत असूनही मला ते दिसत नसतील.

आज मी एका रंगकंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्यावर उपकरण टेकवले की तीन आकडे उमटतात, आणि त्या तीन आकड्यांत डोळ्याला दिसणारा कोणताही रंग नेमका बसतो. या गोष्टीचा विस्मय मला अजूनही रोज वाटतो. तो वाटेनासा झाला तर मी हे काम सोडून देईन. मध्यंतरी मुलांच्या खडूंच्या पेटीत काही नवे रंग घालायचे ठरले आणि नावांसाठी बैठक बसली. कोणी मँगो मस्ती म्हणाले, कोणी जादुई जांभूळ. माझी पाळी आली तेव्हा समोरच्या राखी निळ्या नमुन्याकडे पाहून मी म्हटले, "ढगानं दिलेला शब्द." मग मंगळवेढ्याकडचा एक सहकारी खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाला, "मला ठाऊक आहे हा रंग." नाव अर्थातच मंजूर झाले नाही. पण त्या दिवशी त्याने आणि मी डबा एकत्र खाल्ला.

तर मूळ गोष्टीकडे येते. आईला दिवस गेले आणि यथावकाश माझा भाऊ जन्मला. घरात डिंकाच्या लाडवांचा, शेपूच्या भाजीचा आणि धुरीचा वास शिरला; मेणाचा वास त्यांच्या मागे गेला. बारशाची तयारी सुरू झाली. शेजारच्या गोदाकाकू अशा कामात गल्लीच्या मुख्य. त्या ओसरीवर घुगऱ्यांचे हरभरे निवडायला बसल्या आणि म्हणाल्या, "शालनला सांगावा धाडा तामलवाडीला. पाळण्यापाशी तीच लागंल." शालनआत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तामलवाडीला तिचे भरले घर होते, शेती होती, पाठोपाठचे तीन मुलगे होते. माझे नावही तिनेच ठेवले होते. मी मंदाआत्याकडे पाहिले. ती सुपात ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "व्हय, शालनच. तिचा हात भरलेला हाय."

मला ते काही केल्या पटेना. या घरात नावे ठेवते कोण? मी तिच्या मागे मागे शेडमध्ये गेले आणि तेच विचारले. आत्या डब्यातले उरलेसुरले मेण पातेल्यात काढत होती. "रेवे," ती म्हणाली, "ज्या बाईचं स्वतःचं घर बसलं न्हाय, तिनं लेकराच्या कानाला लागू नये."

"कोणी सांगितलं असं?"

"सांगावं लागत न्हाय."

मी अण्णांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला. त्यांनी आधीच बोलून पाहिले होते. "लई नेट लावला तर ती म्हणती, त्या दिवशी उठून रामलिंगाला जाईन येडशीला, दिवस मावळल्यावर येईन. मग काय करावं?" आई बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली, "वन्संना आग्रह केला की त्या लांब जातात. राहू दे. जवळ तरी राहतील." माझे तेव्हाचे वय पाहता मला त्यातले सगळे कळले असे म्हणता येणार नाही. एवढे मात्र पक्के कळले की बाळाच्या कानाशी कोण वाकते यावर काहीतरी अवलंबून आहे, आणि ते शालनआत्या वाकली तर कायमचे हुकणार आहे.

त्या दिवशी शेडमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की आत्याने मेणाला नाव ठेवायचे नाकारले. मेण वितळले, डोळा मिटू लागला, मी ओरडले, "आत्या, मेण थिजायलंय!" ती साच्यात ओतत राहिली. "बारसं उरकंस्तोवर म्या कशालाच नाव ठिवणार न्हाय. तोंडाला सवय लागलीय. उगं भलत्या टायमाला निसटायचं." अशा रीतीने आमच्या घरात पहिल्यांदा बिननावाचे मेण थिजले. दुसरी गोष्ट तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही: मन ठिकाणावर नसल्यामुळे आत्या त्या मेणात नवे शंखजिरे घालायला आणि ते ढवळायला विसरली होती; खरवडीतले जुने तळाशी बसून राहिले होते.

खडू निघाले ते विचित्र निघाले. हातात धरले तर मळकट, विटकरी, ओल्या साबणासारखे. कागदावर ओढले तर जेमतेम एक मेणचट रेघ, तिच्यात रंग म्हणावा असा काही नाहीच. "बिघडला ह्यो घाणा. पुन्हा वितळवू," आत्या म्हणाली आणि तिने ते बाजूला सारले. मी एक उचलला. बिननावाचा खडू मी कधी हातात धरला नव्हता, आणि त्याच्याबद्दल मला उगाच वाईट वाटत होते. त्याला मी स्वतःच नाव द्यायचे ठरवले. तांबूस म्हणून पाहिले, गाजरी म्हणून पाहिले, अण्णांच्या पद्धतीने लाल अमुक भाग, पिवळा अमुक भाग असेही म्हणून पाहिले. कोणतेही नाव चिकटेना. शेवटी कंटाळून मी शेडच्या दारात बसले आणि चाळा म्हणून तो खडू डोळ्यासमोर आडवा धरला. समोर ऊन होते.

खडू पेटला होता. जळत नव्हता, पेटला होता, आतून. तो मळकट दांडा नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी लाल आणि सोनेरी यांच्यामधला, ओला, जिवंत, थरथरणारा असा एक उजेड होता. मी खडू खाली घेतला, पुन्हा मातेरे. वर धरला, पुन्हा तो उजेड. शंखजिरे नव्हते, त्यामुळे प्रकाशाला अडवणारे फारसे काही आत नव्हते, तो गाळून आरपार येत होता. आज मी हे एका वाक्यात सांगू शकते. त्या दिवशी माझ्याजवळ वाक्य नव्हते. मला एवढेच वाटले की हा रंग मी पूर्वी पाहिला आहे, अगदी जवळून, अगदी अलीकडे, आणि कुठे ते आठवत नाही. खडू मी परकराच्या खिशात टाकला. आत्याला दाखवला नाही. दाखवून उपयोग काय, ती नाव ठेवणार नव्हती.

बारशाच्या दिवशी शालनआत्या सकाळच्या एसटीने आली ती आल्यापासून बोलतच होती. तिने बाळाचे नाक पाहिले आणि ते अण्णांचे ठरवले, आईचे लाडू चाखले आणि त्यात खसखस कमी ठरवली, मला जवळ घेऊन म्हणाली, "किती वाळलीस गं, मेण खातीस का काय?" नावे न ठेवण्याचा आत्याचा नेम मी तिला सांगून टाकला. मंदाआत्या तिच्यासाठी चहा घेऊन आली तेव्हा मात्र तिने आवाज खाली आणला. "अक्का, तू न्हाय व्हय येणार पाळण्यापाशी?" तिने विचारले. "मागं घुगऱ्या शिजायल्यात," आत्या म्हणाली. "खाली लागतील." आणि ती शेडमध्ये, रंगांच्या शेगडीवर चढवलेल्या घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी जाऊन बसली, ती बायका जमल्या तरी पुढे आली नाही.

पाळणा बाहेरच्या खोलीत तुळईला टांगला होता. दार पश्चिमेचे, उतरतीचे ऊन उंबरा ओलांडून थेट पाळण्यापर्यंत आले होते. बायकांची गाणी झाली, बाळाला पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हाती देण्याचा सोपस्कार सुरू झाला. मी भिंतीशी उभी होते, खिशातला खडू मुठीत घट्ट धरून. शेवटी बाळ शालनआत्याच्या हातात आले. पाळण्यात ठेवण्याआधी तिने त्याला दोन्ही हातांनी उचलून दाराच्या उजेडात धरले. बाळाचे डोके वळले आणि ऊन त्याच्या कानाच्या मागे आले.

मला आठवले. हाच. आईच्या कुशीत सकाळच्या कवडशात हाच रंग मी पाहिला होता. तो कान, माझ्या अंगठ्याएवढा, कडेला लव असलेला, त्या उन्हात पेटला होता. लाल आणि सोनेरी यांच्यामधला, ओला, जिवंत. त्यात एक बारीक शीर दिसत होती, काडीसारखी. म्हणजे तो उजेड आतून, रक्तातून गाळून येत होता. माणसाच्या शरीरात, माझ्या भावाच्या शरीरात, तो रंग होता, आणि त्याला नाव नव्हते.

"शालनआत्या, थांब!" मी ओरडले. "तो रंग! बिननावाचा!" गाणी थांबली. मी धावत जाऊन टाचा उंचावल्या आणि खडू उन्हात, बाळाच्या कानाशेजारी धरला. मळकट दांडा पेटला. कान आणि खडू शेजारी शेजारी उजळले आणि दोहोंत काही फरक उरला नाही. गोदाकाकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, अगदी जवळ आल्या, डोळे बारीक करून आधी खडूकडे, मग कानाकडे पाहत राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या. शालनआत्याने मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, वेगळ्याच आवाजात. "अक्का. ए अक्का. इकडं ये जरा. बघ तरी तुझ्या शेगडीतून काय निघालंय."

मंदाआत्या आली ती हातात घुगऱ्यांची पळी घेऊन, कोणाला काही भाजले-बिजले की काय अशा घाईने. दारातल्या उन्हात तिने तो कान पाहिला. खडू पाहिला. पळीतून पाणी ठिबकत राहिले. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत आत गेले, अगदी मेणाच्या कडेसारखे, आणि ती स्वतःशीच, श्वासाइतक्या हळू आवाजात म्हणाली, "कानाआडचं ऊन."

मग तिला कळले. पळी धरलेला हात तिने तोंडावर नेला. पण नाव निसटले होते.

"ठिवलंस ना नाव?" शालनआत्या म्हणाली. ती हसत होती आणि तिचा आवाज ओला होता. "आमी समद्यांनी ऐकलं. मोडला तुझा नेम. आता खडूचं ठिवलंस आन् लेकराचं ठिवत न्हाईस, असं कसं? लेकरानं काय केलंय तुझं?" आत्याने मान हलवली. तिने गोदाकाकूंकडे पाहिले; मीही पाहिले, कारण आता जे काही व्हायचे ते त्यांच्या तोंडातून व्हायचे होते. गोदाकाकूंनी एकदा त्या कानाकडे पाहिले, एकदा आत्याकडे, आणि कमरेवर हात ठेवला. "मंदे, माझी कंबर धरलीय उभं राहून राहून. ऊन हाय तवर उरक बाई." खाटेवरून आई म्हणाली, "वन्सं, तुम्हीच ठेवा. मला आधीपासून तुम्हीच हव्या होतात." अण्णा बायकांच्या मागे, दाराबाहेर उभे होते. त्यांनी चष्मा काढला.

मी आत्याच्या हातातली पळी घेतली. शालनआत्याने बाळाला पाळण्यात ठेवले आणि बाजूला सरली. मंदाआत्याने हात पदराला पुसले, एकदा, पुन्हा एकदा. तोंडाशी हाताचा आडोसा धरून ती वाकली, ज्या कानातून मघाशी ऊन आले होते त्या कानावर. "कुर्रर्र..." आणि तिच्या पाठीत बुक्के पडू लागले. शालनआत्याचा जोरकस, गोदाकाकूंचा कंबर सांभाळून घातलेला, गल्लीतल्या बायकांचे, कोण कोणाचे कळेना इतके. माझाही होता. तिची पाठ त्या बुक्क्यांखाली हलत होती. ती रडत होती की हसत होती हे मला आजही ठरवता येत नाही. बहुधा तो क्षणच थिजण्याआधीच्या मेणासारखा होता, अजून एक रंग पुरता न झालेला. "सुयश," ती मोठ्याने म्हणाली, आणि बाळ दचकून रडू लागले. मागे शेडमध्ये घुगऱ्या खाली लागल्या होत्या. त्या करपट घुगऱ्या गल्लीभर वाटल्या गेल्या आणि कोणीही नाव ठेवले नाही.

तो खडू मी बरीच वर्षे जपला; पुढे एका उन्हाळ्यात तो पेटीतच वितळून गेला. मी शिकत गेले, कळंबहून दूर गेले. रक्त लाल प्रकाश जाऊ देते आणि हिरवा, निळा शोषून घेते, म्हणून उन्हाआडचा कान तांबडा दिसतो, हेही शिकले. आत्याची शेगडी कधीच विझली. तिचे हात आता थरथरतात, आणि मेणाने भाजल्याचे जुने डाग तिच्या बोटांवर पांढरट उरले आहेत. गोदाकाकू राहिल्या नाहीत. सुयशचे लग्न झाले, आणि गेल्या महिन्यात त्याला मुलगी झाली. म्हणजे मी आत्या झाले. माझे लग्न झालेले नाही. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गोदाकाकू असत्या तर कदाचित काढला असता, आणि लगेच कंबर धरून खालीही बसल्या असत्या.

पाळणा त्याच तुळईला टांगला होता. ठरलेले नाव माझ्या तोंडात होते. मी वाकले. दारातून उतरतीचे ऊन आले होते आणि त्या एवढ्याशा मुलीचा कान, कडेला लव असलेला, आतून पेटला होता. मी रोज रंग मोजते. या रंगाचे तीन आकडे अंदाजाने मी तिथल्या तिथे सांगू शकले असते. ते सगळे डोक्यातून निघून गेले. मी शेडच्या दारात बसलेली मुलगी होते आणि समोर तो उजेड होता. मागे बायका थांबल्या होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या पाठीत एक बुक्का बसला, हलका, थरथरत्या हाताचा, आणि कानाशी ओळखीचा आवाज आला.

"बोल की, रेवे. मेण थिजायलंय."